छातीवरचा इतिहास

निवृत्त झाल्यावर माणसानं काहीतरी जमवावं, असं सगळे डॉक्टर, रविवारच्या सगळ्या पुरवण्या आणि झाडून सगळ्या बायका सांगतात. डॉक्टरांचा हेतू रक्तदाब, पुरवण्यांचा हेतू रकाना. बायकांचा हेतू एवढाच, की नवऱ्यानं सकाळी साडेनऊला स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून "आज भाजी कसली?" असं विचारू नये. पण काय जमवावं, याचे समाजाचे संकेत ठरलेले आहेत. पोस्टाची तिकिटं जमवणारा माणूस सुसंस्कृत. नाणी जमवणारा विद्वान. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, पेटारे जमवले आणि त्यांचं पुढं वस्तुसंग्रहालयच झालं. त्यामुळे अडकित्त्यालाही आता प्रतिष्ठा आहे.

मी युद्धांचे बिल्ले जमवतो. त्याला प्रतिष्ठा नाही.

बिल्ला म्हणजे छातीवर टाचणीनं टोचायची ती टिकली. कधी पत्र्याची, कधी पितळेची, आणि नशीब असेल तर चांदीचं पदक. आमच्या मुकुंदवाडीत ही गोष्ट पसरली तेव्हा पहिला प्रश्न आला तो शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांकडून. "आपण कोणत्या युद्धात होतात?" आता मी आयुष्यात फक्त एन.सी.सी. केली, तीही अंड्याच्या आशेनं. बाकी युद्धाचा अनुभव म्हणाल तर मुकुंदवाडीत राहतो, तेवढा पुरे. डोक्यावरून चिकलठाण्याला उतरणारी विमानं, पाठीमागं रेल्वे, समोर जालना रोडचे ट्रक, आणि नळाला पाणी आलं की गल्लीत होणारी धांदल. तिन्ही दलांचा सराव घरबसल्या होतो.

दुसरी अडचण शब्दाची. जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात मी पहिल्यांदा एका भंगारवाल्याला विचारलं, "बिल्ला है क्या?" तो सज्जन माणूस. मला वरून खाली न्याहाळून म्हणाला, "बिल्ला नक्को पालो चाचा, दूध पी जाता. बिल्ली ले जाओ." तेव्हापासून मी विचारताना छातीवर बोट ठेवतो. त्यावर एकानं मला पाण्याचा ग्लास देऊन खुर्चीत बसवलं होतं.

वास्तविक बिल्ल्याची आपल्याकडची परंपरा थोर आहे. पट्ट्यावर लावायच्या पितळी बिल्ल्याला 'चपरास' म्हणत. तो लावून उभा राहतो तो चपराशी. म्हणजे माणसाला आधी बिल्ला मिळाला आणि मग बिल्ल्यावरून माणसाचं नाव पडलं. रेल्वेच्या हमालाचंही तेच. लाल सदऱ्यावरच्या पितळी बिल्ल्याचा नंबर हीच त्याची ओळख, मग आईबापांनी ठेवलेलं नाव काहीही असो. माणसापेक्षा बिल्ला मोठा, हे तत्त्व आपण युद्धाच्या फार आधी, कचेरीत आणि फलाटावरच शिकलो.

कोटाला टाचायची ती चकचकीत गोल टिकली मात्र अमेरिकेची. तिथं पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ साली गादीवर बसले (गादी म्हणू नये, पण आपली सवय), तेव्हाही लोकांनी स्मृतीची बटणं केली होती. पण ती कोटाला शिवावी लागत. नेता बदलला की बटण उसवा, दुसरं शिवा. एवढी शिलाई कोण करणार? ही अडचण १८९६ साली सुटली. न्यू जर्सीतल्या नेवार्क गावच्या 'व्हाइटहेड अँड होग' या कंपनीनं टाचणीच्या बिल्ल्याचं पेटंट घेतलं. पत्र्याची चकती, तिच्यावर छापील कागद, कागदावर सेल्युलॉइडचं पारदर्शक कातडं, मागून कडं दाबून बसवलेलं आणि कड्यात अडकवलेली स्प्रिंगसारखी तार. संपला बिल्ला. स्वस्त, हलका, आणि मुख्य म्हणजे काढायला सोपा. राजकारणाला आणखी काय पाहिजे?

या सेल्युलॉइडची एक गंमत सांगतो. ते होतं कापूस आणि कापूर यांच्यापासून. कापसावर नत्राम्लाचा संस्कार करायचा आणि त्यात कापूर मिसळायचा. म्हणजे निम्मा माल मराठवाड्याच्या शेतातला आणि निम्मा आमच्या देव्हाऱ्यातला. पण त्याच कापसाला ते आम्ल जरा जास्त पाजलं, की तोफेत भरायची स्फोटक दारू होते. तोफ आणि तोफेच्या विजयाचा बिल्ला हे असे सख्खे चुलतभाऊ. हे मी घरात मोठ्या कौतुकानं सांगितलं. त्याचा परिणाम इतकाच झाला, की माझा डबा देव्हाऱ्याशेजारच्या फळीवरून तत्काळ हद्दपार होऊन माळ्यावर गेला. निरांजनाजवळ स्फोटकं नकोत, हा युक्तिवाद बिनतोड होता. जुनं सेल्युलॉइड खरोखरच भुर्रकन पेटतं.

जुन्या बिल्ल्याचा दुसरा शत्रू ओल. आत पाणी शिरलं की छापील कागदावर तपकिरी डाग पडतात आणि सेनापतीला देवी आल्यासारख्या दिसतात. मुंबईच्या संग्राहकांचे निम्मे सेनापती असे गेले. माझ्या डब्यातले सगळे खणखणीत आहेत. मराठवाड्यात पाणी नाही याचा फायदा झालेला मी बहुधा एकमेव माणूस असेन.

नव्या बिल्ल्याला दोन वर्षांच्या आत युद्ध मिळालं. १५ फेब्रुवारी १८९८ रोजी क्यूबातल्या हवाना बंदरात 'मेन' नावाच्या अमेरिकन युद्धनौकेचा स्फोट झाला आणि अडीचशेहून अधिक खलाशी मेले. स्पेननं सुरुंग लावला, असा गवगवा झाला. 'मेनची आठवण ठेवा' असे बिल्ले घरोघर टोचले गेले आणि एप्रिलमध्ये युद्ध पेटलं. पुढं १९७६ साली अमेरिकेच्याच अ‍ॅडमिरल रिकोव्हर यांनी तज्ज्ञ बसवून सगळे कागद पुन्हा तपासले. निष्कर्ष निघाला, की स्फोट बहुधा आतूनच झाला. कोळशाच्या कोठारात आग लागली असावी आणि शेजारीच दारूगोळा. तोवर युद्ध संपून अठ्ठ्याहत्तर वर्षं झाली होती. बिल्ल्याचा हा स्वभावच आहे. 'आठवण ठेवा' एवढंच तो सांगतो. नेमकं काय घडलं त्याची आठवण ठेवायची, हे चौकशी समितीवर सोडतो. आणि समितीच्या अहवालाचा बिल्ला कुणी काढत नाही.

मग १८९९ साली दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि बोअर यांची जुंपली. इंग्लंडात सेनापतींच्या तसबिरींचे बिल्ले निघाले. आपल्याकडे गणपतीच्या दिवसांत देवांची चित्रं विकतात तसे बुलर, व्हाइट, बेडन-पॉवेल, किचनेर, रॉबर्ट्‌स! पैकी बुलरसाहेब डिसेंबरात कोलेन्सोला सपाटून हरले आणि त्यांच्या वर रॉबर्ट्‌सना नेमलं. झालं, बुलरच्या बिल्ल्यांचं काय करायचं? आपल्याकडे मंत्रिमंडळ बदललं की कचेरीतल्या तसबिरींचं जे होतं तेच. माझ्याकडे रॉबर्ट्‌सचा एक बिल्ला आहे, पुण्याच्या जुन्या बाजारातला. लाल डगला, पांढऱ्या मिशा, छातीवर पदकंच पदकं. म्हणजे बिल्ल्यावर बिल्ले. हा बिल्ला मी बरीच वर्षं नुसता रंगांसाठी पाहत असे. मग वाचनात आलं, की ज्या कोलेन्सोच्या पराभवामुळे रॉबर्ट्‌सना सेनापतिपद मिळालं, त्याच लढाईत त्यांचा मुलगा जखमी होऊन वारला होता. हयात असलेला एकुलता एक मुलगा. ते कळल्यापासून त्या मिशा मला वेगळ्या दिसू लागल्या. लोक बिल्ला छातीवर टोचून नाचत होते, आणि बिल्ल्यातला माणूस सुतकात होता.

याच युद्धात आपल्या ओळखीचा आणखी एक गृहस्थ होता. नाताळमध्ये वकिली करणाऱ्या मोहनदास गांधींनी सुमारे ११०० हिंदी लोकांचं शुश्रूषा पथक उभं केलं होतं. जखमी गोऱ्यांना डोल्यांतून मैलोन्‌मैल वाहून न्यायचं काम. त्याचं पदक त्यांना मिळालं. १९०६ सालच्या झुलू बंडातल्या अशाच कामाचं दुसरं मिळालं. आणि कैसर-इ-हिंद हे सोन्याचं तिसरं. १ ऑगस्ट १९२० रोजी गांधींनी ही तिन्ही पदकं व्हाइसरॉयला परत केली आणि असहकार सुरू झाला. त्याच दिवशी मुंबईत लोकमान्य टिळक गेले. आम्हां जमवणाऱ्यांच्या शास्त्रात पदक मिळवणं आलं, विकणं आलं, विकत घेणंही आलं. परत करणं हा प्रकार या माणसानं आणला. बिल्ल्याची टाचणी आतल्या बाजूनंही टोचते, हे त्याला कळलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं परमुलखातलं. आपल्या मुलखातलं काय? तर आपल्या मुलखातली लढाई मुकुंदवाडीहून एस.टी.नं सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याच्या अंतरावर आहे. जालना जिल्ह्यात, भोकरदनच्या बाजूला असई नावाचं खेडं आहे. तिथं २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेची आणि आर्थर वेलस्ली या इंग्रज सेनापतीची गाठ पडली. वेलस्ली जिंकला, पण त्याचे दीड हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले. शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा शेवटपर्यंत सोडल्या नाहीत. हाच वेलस्ली पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि त्यानं वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. तरी उतारवयात 'आयुष्यातली तुमची उत्तम लढाई कोणती?' असं कुणी विचारलं तेव्हा 'असई' एवढंच म्हणाला, अशी गोष्ट सांगतात. वॉटर्लूला पर्यटक जातात. असईला आम्ही जातो तेव्हा लोक विचारतात, "पाहुणे कुणाकडं?"

या लढाईची खूण म्हणून इंग्रजांनी आपल्या काही पलटणींना हत्तीचं चिन्ह दिलं. स्कॉटलंडच्या हायलँड लाइट इन्फन्ट्रीच्या टोपीवरच्या बिल्ल्यात एवढासा हत्ती आणि खाली 'असई' हे नाव असे. आपल्या मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावर आजही हत्ती आहे, तो हाच. भोकरदनच्या शिवारातला हत्ती ग्लासगोच्या थंडीत टोपीवर बसून फिरला, आणि आमच्या इथं शाळेतल्या पोरांना त्याचा पत्ता नाही.

पदकाची कथा आणखी रसाळ आहे. असईत लढलेल्या शिपायांना पदक मंजूर झालं ते १८५१ साली. म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षांनी! खडकी, सीताबर्डी, कोरेगाव, गाविलगड या लढायांसाठीही तेच पदक. आणि अट अशी, की शिपायानं स्वतः अर्ज केला पाहिजे आणि तो जिवंत असला पाहिजे. विसाव्या वर्षी असईत लढलेला माणूस अडुसष्ट वर्षांचा. त्यानं आपण मेलो नाही हे सिद्ध करायचं, तर सरकार सांगणार की तुम्ही शूर होता. दर नोव्हेंबरला बँकेत हयातीचा दाखला देणाऱ्या आम्हां निवृत्तांना हे वाचून गहिवर येतो. सरकारी खात्यांत आपण उगीच नव्या पिढीला नावं ठेवतो. ही पद्धत किमान पावणेदोनशे वर्षांची आहे. त्या पदकाच्या पट्टीवर असईचं, कोरेगावचं, खडकीचं स्पेलिंग असं केलंय, की गावच्या तलाठ्यालाही आपलं गाव ओळखू येऊ नये. मिळाली ती अवघी काही हजार पदकं. शिंद्यांच्या ज्या गोलंदाजांनी तोफांवर जीव दिला, त्यांच्यासाठी अर्जाचा नमुनाच नव्हता.

हरलेल्याचा बिल्ला सहसा निघत नाही. आम्ही मराठी माणसं मात्र हरलेली लढाईही टोचून ठेवतो. फक्त कोटावर नाही, जिभेवर. पोरगा दहावीत गणितात गेला की 'पानिपत झालं' म्हणतो. १७६१ साल आणि बीजगणिताचा पेपर यांचा एवढा घरोबा दुसऱ्या कुठल्या भाषेत नसेल. उलट १७९५ साली खर्ड्याला निजामावर मिळवलेला विजय आम्हाला म्हणी-वाक्प्रचारांपुरताही आठवत नाही. आणि १९४८ सालच्या सप्टेंबरात ज्या पाच दिवसांत आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला, त्याला तर युद्ध म्हणायचीच चोरी. नाव ठेवलं 'पोलीस कारवाई'. रणगाड्यांत बसून आलेले पोलीस जगाच्या पाठीवर बहुधा आमच्याच वाट्याला आले असतील!

आता माझ्या डब्याच्या तळाशी असलेल्या गोष्टीकडे येतो. जाफर गेटच्या त्याच बाजारात एकदा कुलपं, नळाच्या तोट्या आणि चष्म्याच्या दांड्या यांच्या ढिगात एक चांदीचं पदक दिसलं. पहिल्या महायुद्धाचं. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावर स्वार झालेला वीरपुरुष, घोड्याच्या टापांखाली शत्रूची ढाल आणि मानवी कवटी, कडेला १९१४ आणि १९१८. हा वीरपुरुष शिल्पकारानं संपूर्ण दिगंबर काढला आहे. घरी आणून दाखवल्यावर आमची ही म्हणाली, "चार वर्षं युद्ध चाललं ना? मग कपडे घालायला वेळ नव्हता?"

दुकानदार म्हणाला होता, "चाचा, चांदी है. तोल के भाव." पदकाचं वजन जवळजवळ पावणेतीन तोळे. अशी चांदीची पदकं ६५ लाखांच्या आसपास दिली गेली. मग १९८०च्या जानेवारीत टेक्सासच्या हंट बंधूंच्या साठेबाजीनं जगात चांदीचा भाव आभाळाला भिडला आणि पदकाच्या किमतीपेक्षा त्यातल्या चांदीची किंमत जास्त झाली. देशोदेशी ही पदकं पोत्यानं मुशीत गेली. आपल्याकडे तर भाव चढायचीही वाट पाहावी लागली नाही. एक दुष्काळ, एक लग्न, एक आजारपण पुरेसं होतं. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून १० लाखांहून जास्त माणसं समुद्रापार गेली. ७४,०००च्या आसपास परत आली नाहीत. मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या. कुतच्या वेढ्यात उपाशी राहून २९ एप्रिल १९१६ रोजी जे शरण गेले, त्यांत त्या होत्या. आमच्या हैदराबाद संस्थानचे घोडेस्वार पॅलेस्टाइनच्या मोहिमेत होते. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातल्या तिघांपैकी एक मूर्ती त्यांचीच.

हमाल, खेचरवाले, मजूर यांना हेच पदक दिलं, पण चांदीचं नाही. कांशाचं. त्यांची संख्या १ लाख १० हजारांच्या आसपास. मरताना सगळे सारखे, धातू मात्र पगारश्रेणीप्रमाणे. पण न्याय कसा उलटा फिरतो पाहा. मुशीत गेलं ते चांदीचं. कांशाला भाव नव्हता, म्हणून हमालाचं पदक तरलं.

माझ्या त्या पदकाच्या कडेवर, भिंग लावलं तर दिसतं, एक नंबर आहे, 'शिपाई' हा हुद्दा आहे, पलटण आहे आणि एक नाव आहे. नाव आपल्याकडचं, अस्सल मराठी. आडनाव कोरलेलं नाही. मी ते नाव मोठ्यानं वाचलं. ही भाजी निवडत होती. वर न पाहता तिनं विचारलं, "त्यांच्या घरच्यांना ठाऊक आहे का, हे तुमच्या डब्यात आहे ते?"

मेनच्या चौकशी समितीनंही असा प्रश्न काढला नसता. मी म्हणालो, "शंभर वर्षं झाली. कोण असेल आता?" ती म्हणाली, "शंभर वर्षांत घरातली माणसं संपतात होय? वाढतात."

तेव्हापासून माझ्या छंदाचं स्वरूप पालटलं. एक लांबट वही केली आहे, किराणा दुकानात उधारीची असते तशी. तीत प्रत्येक पदकाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि मला ते कुठल्या बाजारात मिळालं, हे लिहून ठेवतो. डाव्या पानावर हे आणि उजवं पान कोरं. कुणी येऊन म्हणालं की हे आमच्या पणजोबांचं, तर सही घेऊन देऊन टाकायचं. किती पानं भरली, असं पोस्टमास्तर मधूनमधून विचारतात. डावी बरीच भरली. उजवी एक. जालन्याकडचे एक गृहस्थ आले होते. घरात एक कागद होता, त्यावरचा नंबर जुळला. पदक हातात घेऊन त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल? वजन केलं नाही, कवटी पाहिली नाही, दिगंबर स्वाराला हसले नाहीत. कडेवरून अंगठा फिरवला. मग खिशातून रुमाल काढून त्यात गुंडाळलं आणि म्हणाले, "आजी म्हणायची, होतं म्हणून. आम्ही कुणी विश्वास ठेवत नव्हतो." सही करताना त्यांचा हात इतका थरथरत होता, की उजव्या पानावरचं नाव आता मलाच लागत नाही.

संग्राहकाच्या हिशेबात हा तोट्याचा व्यवहार. डब्यात त्या जागी आता ७ डिसेंबरचा कागदी झेंडा ठेवला आहे. १९४९ सालापासून दर वर्षी त्या दिवशी ध्वजदिन असतो. लाल, गडद निळा, फिकट निळा असे तीन पट्टे, तीन दलांचे. शाळेत पोरांकडून नाणी गोळा करतात आणि हा झेंडा टाचणीनं खिशावर लावतात. पैसे माजी सैनिकांच्या आणि जवानांच्या विधवांच्या कामी येतात. त्यात चांदी नाही, कांसं नाही, सेल्युलॉइडही नाही. संध्याकाळपर्यंत चुरगळतो आणि केरात जातो. म्हणून जुना मिळत नाही. पोस्टमास्तरांनी त्याची किंमत विचारली. मी म्हणालो, "पेटीत पडेल ती." त्यांनी खिशात हात घातला, चाचपला, आणि बिल्ल्यांविषयी पहिल्यांदाच काही न बोलता गेले. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातवाच्या दप्तरातला झेंडा त्यांच्या सदऱ्याच्या खिशावर होता, आणि टाचणी उलटी लावल्यामुळे दिवसभर त्यांना टोचत होती.